पिल्लू खातं, पण अंग धरत नाही: वजन पुन्हापुन्हा अडतं तेव्हा काय तपासायचं

ठिपकी हे आमचं कुत्र्याचं पिल्लू. घरी आली तेव्हा साधारण नऊ आठवड्यांची होती आणि वजन होतं २ किलो १०० ग्रॅम. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे, पोट मात्र फुग्यासारखं टम्म. पहिल्या आठवड्यात २५० ग्रॅम वाढली, आम्ही खूश. दुसऱ्या आठवड्यात फक्त ५०. तिसऱ्यात होतं त्यातलंच ५० ग्रॅम उतरलं. मग जेवणात उकडलेलं चिकन घालायला लागलो, १०० ग्रॅम चढली आणि पुन्हा काटा अडला. दर वेळी आमचा उपाय एकच, भांड्यात आणखी काहीतरी चविष्ट टाकायचं. महिनाभर आम्ही तिच्या तोंडाच्या टोकाकडे बघत बसलो होतो. उत्तर दुसऱ्या टोकाला होतं.

त्यानंतर बरीच अशक्त पिल्लं हाताखालून गेली. ‘वजन वाढत नाही’ ही एकच तक्रार वाटते, पण तिच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, पिल्लू खातच नाही. दोन, खातं पण अंगी लागत नाही. तीन, पिल्लू ठीकच आहे आणि बारीक वाटतंय ते आपल्याला. पहिलीचा उपाय दुसरीला केला की आठवडाभर बरं वाटतं आणि मग गाडी पुन्हा तिथेच येते. म्हणून आधी आपलं पिल्लू यातलं कुठलं, ते ठरवा.

खरंच बारीक आहे का?

तिसऱ्या शक्यतेपासून सुरुवात करू, कारण ती दोन मिनिटांत निकाली निघते. हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिच्या उंचवट्यांवरून हात फिरवा. पिल्लाच्या बरगड्या अशा टोचत असतील तर ते खरंच बारीक आहे. आता मूठ उघडा, हात पालथा पसरा आणि बोटांच्या मागच्या बाजूवरून हात फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळ गादी आहे. बरगड्या अशा लागायला हव्यात. तळहातासारख्या लागल्या, म्हणजे शोधाव्या लागल्या, तर पिल्लू गुबगुबीत आहे. डॉक्टर हेच १ ते ९ च्या मापात सांगतात, त्यात ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. नुसतं डोळ्यांनी ठरवू नका. केसाळ पिल्लाच्या अंगावरचे केस सगळं झाकतात, आणि आखूड केसांच्या पिल्लाची शेवटची एकदोन बरगडी दिसणं अगदी नॉर्मल असतं.

चार ते सहा महिन्यांच्या वयात बहुतेक पिल्लं नुसती तंगडी आणि कान होऊन बसतात. उंची आधी धावते, अंग मागून येतं. शिकारी, पळणाऱ्या जातींची पिल्लं तर जन्मभर सडपातळच असतात. खेळतंय, केस चमकताहेत, शी घट्ट आहे, वजन दर आठवड्याला थोडंथोडं वाढतंय, तर शेजाऱ्यांनी ‘उपाशी ठेवता का याला?’ विचारलं तरी त्याला चारत सुटायचं कारण नाही.

आधी काटा, मग बाकीचं

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या जेवणाआधी आणि शक्यतो शी-शू झाल्यावर करा. छोटं पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपल्यात बसवून मोजता येतं. मोठं झालं की त्याला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. रोज मोजू नका. भरपूर पाणी प्यायलं तरी छोट्या पिल्लाचा आकडा हलतो आणि आपला जीव उगाच वरखाली होतो.

किती वाढायला हवं, याचा एक ढोबळ हिशेब पहिल्या चार-पाच महिन्यांसाठी चालतो. मोठेपणी जितके किलो होण्याचा अंदाज असेल, त्या प्रत्येक किलोमागे दिवसाला २ ते ४ ग्रॅम. ठिपकी मोठेपणी १२ किलोच्या आसपास जाईल असा डॉक्टरांचा अंदाज होता, म्हणजे दिवसाला २४ ते ४८ ग्रॅम, आठवड्याला साधारण १७० ते ३४०. हे गणित मला पहिल्याच आठवड्यात माहीत असतं तर दुसऱ्या आठवड्याच्या ५० ग्रॅमवर मी स्वस्थ बसले नसते. वजन थांबलं तरी पिल्लाच्या बाबतीत ती घटच समजायची. त्याचं वय थांबलेलं नसतं.

भांड्यात नक्की किती पडतं?

पाकिटावरचा तक्ता बघून ‘दिवसाला दीड कप’ असं आपण ठरवतो आणि सोडून देतो. आमच्या घरी एकच स्कूप होता आणि खायला घालणारी माणसं तीन. एके दिवशी मी तिघांनाही ‘एक स्कूप’ घ्यायला लावला आणि प्रत्येकाचा काट्यावर ठेवला. ३८ ग्रॅम, ५२ ग्रॅम, ६१ ग्रॅम. तिघंही शपथेवर सांगत होती की हाच एक स्कूप. ३८ वाला सकाळी घालायचा आणि सकाळी उशीर झाला की निम्म्यावरच आटपायचा. म्हणून स्कूप विसरा, ग्रॅममध्ये मोजा. दिवसभराचं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि ज्याने त्याने त्यातूनच घाला. रात्री डब्यात उरलेलं दिसतं, ‘मी घातलं होतं, तू नव्हतं का घातलंस’ हा वादही संपतो.

किती ग्रॅम, याचं गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. पिल्लाचं वजन तीनदा गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. तीन किलोच्या पिल्लासाठी ३ × ३ × ३ म्हणजे २७, त्याचं वर्गमूळ ५.२, त्याचं २.२८, गुणिले ७० म्हणजे साधारण १६० कॅलरी. नुसतं पडून राहायला इतकी लागते. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट, त्यापुढे वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट. म्हणजे आपल्या तीन किलोवाल्याला रोज ४८० कॅलरी. पिल्लांच्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटावर शोधा. ३८० असेल तर रोजचे सव्वाशे ग्रॅम झाले. पाकिटावर ‘पिल्लांसाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ असं लिहिलेलं आहे ना, तेही बघून घ्या. घरातल्या मोठ्या कुत्र्याचंच पिल्लाला घालणं ही कमी वजनाची फार साधी आणि फार वेळा सापडणारी गोष्ट आहे.

हा आकडा म्हणजे सुरुवात. पिल्लू तो सहज संपवतंय, शी घट्ट आहे आणि वजन मात्र कमीच वाढतंय, तर तीन-चार दिवसांनी एक दशांश वाढवा, पुन्हा थांबा, बघा. एकदम दुप्पट घातलं तर जुलाब होतात आणि कमावलेलं दोन दिवसांत निघून जातं. फारच उपासमार झालेलं, नुसतं कातडं आणि हाडं उरलेलं पिल्लू सापडलं असेल तर घरी पोटभर घालूच नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातल्या क्षारांचा तोल धोकादायक रीतीने ढासळू शकतो. तिथे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, थोडंथोडं आणि अनेकदा.

जेवणाच्या वेळा तीन महिन्यांपर्यंत चार, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. अशक्त पिल्लाला एक वेळ जास्त ठेवली तर उत्तम, त्याचं पोटच लहान असतं.

खातं पण अंगी लागत नाही

आता दुसरं टोक. भांडं चाटूनपुसून साफ होतंय, ग्रॅम मोजलेले आहेत, तरी काटा हलत नाही, तर अन्न कुठेतरी गळतंय. पिल्लाच्या बाबतीत पहिला संशय जंतांवर.

ठिपकीच्या कार्डावर ‘जंताचं औषध दिले’ असा शिक्का होता. त्या शिक्क्याने आमचा महिना खाल्ला. जंताचं औषध एकदा दिलं की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात आणि दुधातूनही येतात. नेहमीची औषधं आतड्यातले मोठे जंत मारतात, पण शरीरात फिरत असलेल्या अळ्या मागे उरतात. त्या काही आठवड्यांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात आणि खेळ पुन्हा सुरू. म्हणूनच दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला औषध देण्याची पद्धत आहे. डोस वजनावर असतो आणि पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं, तेव्हा मागच्या वेळचाच डोस पुन्हा देऊ नका. बरगड्या दिसताहेत पण पोट टम्म आहे, हे जंतांचं ठरलेलं चित्र. अंकुश जंत असतील तर ते रक्त पितात, पिल्लाच्या हिरड्या फिक्या पडतात. पिसवा फार झाल्या तरी छोट्या पिल्लात तेच होतं, म्हणून केस उलटे करून कातडीही बघा.

आणि ज्याच्यामुळे आम्ही खरे अडकलो होतो ते आणखी वेगळं. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे जंत नव्हेतच, एकपेशीय जीव आहेत. नेहमीच्या जंताच्या गोळीला कॉक्सिडिया दाद देत नाही. जिआर्डियाला एका डोसने भागत नाही, काही दिवसांचा कोर्स लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली शी तपासल्याशिवाय कोण आहे ते कळत नाही. आमचा पहिला नमुना सकाळचा होता, मी तो संध्याकाळी वाळलेला नेला आणि रिपोर्ट आला ‘काही आढळलं नाही’. दुसऱ्या वेळी ताजी शी, छोट्या डबीत, तासाभरात नेली. त्यात गोल जंतांची अंडी होती आणि कॉक्सिडियाही. जिआर्डिया तर रोज दिसतच नाही, म्हणून त्याचा संशय असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. शी मऊ, बुळबुळीत आणि नेहमीपेक्षा उग्र वासाची असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

औषध पूर्ण करूनही दोन-तीन आठवड्यांनी सगळं परत येतं, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुतेकदा औषध बरोबर असतं, पिल्लू स्वतःच्याच शीतून पुन्हा लागण करून घेत असतं. शी पडल्यापडल्या उचला. भांडी उकळत्या पाण्याने धुवा, अंथरूण गरम पाण्यात. कोर्सच्या शेवटच्या दिवशी पिल्लाला, विशेषतः त्याच्या मागच्या भागाला, अंघोळ घाला, कारण जिआर्डियाचे कोष केसांना चिकटलेले असतात आणि पिल्लू अंग चाटतं. घरात दुसरी जनावरं असतील तर त्यांची तपासणीही त्याच वेळी करा. आपलेही हात साबणाने, कारण गोल जंतांची लागण माणसांना, मुलांना जास्तच, होऊ शकते. आम्ही हे सगळं एकदाचं केलं तेव्हा ठिपकी दोन आठवड्यांत ६०० ग्रॅमने वाढली. तेच खाणं, तेवढेच ग्रॅम, चिकनशिवाय.

खातच नाही

नवं घर, नवी माणसं, आईभावंडं नाहीत. पहिले एकदोन दिवस पिल्लू कमी खाईल, ते समजू शकतो. आधीच्या घरी जे खात होतं तेच सुरुवातीला घाला आणि बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत, रोज थोडं जुनं कमी आणि नवं जास्त करत. जेवायची जागा शांत आणि निसरडी नसलेली हवी. दुसरं कुत्रं असेल तर दार लावून वेगळं जेवायला घाला. नुसतं ते समोर उभं राहून बघत असलं तरी काही पिल्लं भांड्याकडे जात नाहीत. पिल्लाच्या वाटणीचं मोठं कुत्रं खातंय आणि आपल्याला रिकामं भांडं दिसतंय, असंही मी एकदा पाहिलंय.

चार महिन्यांच्या आसपास दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. भूक असते, पण चावलं की दुखतं. ओळखायची खूण: पिल्लू उत्साहाने भांड्याशी येतं, एक दाणा उचलतं, डोकं तिरकं करून एका बाजूने चावतं आणि टाकून देतं. तो दाणा उचलून बघा, कधीकधी त्यावर रक्ताचा बारीक ठिपका असतो. दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवले की प्रश्न मिटतो. कोमटपणाने वासही सुटतो आणि कुत्रं आधी नाकाने जेवतं. भिजवलेलं तासनतास तसंच ठेवू नका, नासतं.

आणि मग चटावलेलं पिल्लू. हे आपलंच कर्तृत्व. पिल्लू भांड्यातून तोंड फिरवतं, आपण कासावीस होऊन वर थोडं चिकन घालतो. पिल्लू चिकन वेचून खातं, दाणे एकेक करून भांड्याबाहेर काढून ठेवतं. ठिपकी तर ते पायपुसण्याखाली सरकवायची. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर तोंड फिरवतं, कारण थांबलं की चांगलं मिळतं हे त्याला कळलेलं असतं. उपाय कंटाळवाणा आहे: ठरलेल्या वेळी भांडं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, न कुरकुरता, न चुचकारता. मधल्या वेळात काही नाही. चव द्यायचीच असेल तर ती दाण्यांत पूर्ण कालवा, वर पसरू नका. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या एक दशांशाच्या आत. आपल्या ४८० वाल्याला म्हणजे ४८ कॅलरी, तेवढ्या अर्ध्या उकडलेल्या अंड्यापेक्षा थोड्या जास्तीतच संपतात.

मात्र ही शिस्त फक्त धडधाकट, खेळणाऱ्या पिल्लासाठी. तीन महिन्यांच्या आतलं किंवा अगदी छोट्या जातीचं पिल्लू ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवायचं नसतं. त्यांच्या रक्तातली साखर काही तासांतच खाली येऊ शकते. पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, मलूल पडतं. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळा आणि तसंच डॉक्टरांकडे धावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

वजन वाढवायला म्हणून काय घालू नये

दूध बंद झालेल्या पिल्लाला गाईचं दूध पचेलच असं नाही, पुष्कळांना जुलाब होतात. तेल, लोणी, मांसाची चरबी ओतली तर कॅलरी वाढतात खऱ्या, पण बाकीच्या पोषणाचा तोल जातो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. नुसतं मांस किंवा नुसता चिकन-भात चार दिवस पोट बिघडल्यावर ठीक आहे, महिनोन्महिने नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, मग शरीर ते हाडांतून ओढतं आणि वाढत्या पायांची हाडं कमजोर होतात. उलट चांगलं पिल्लांचं खाणं चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप घालणंही चुकीचंच, मोठ्या जातींत तर विशेष. या जातींची पिल्लं गुबगुबीत करण्याच्या नादात कंबरेचे आणि कोपरांचे सांधे बिघडतात. त्यांना सावकाश, सडपातळच वाढू द्यायचं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही आणि शिजवलेली हाडं, ही कुठल्याच वयात नकोत. भूक वाढवणारी औषधं डॉक्टरांनी दिली तरच, कारण भूक मेलेली असते ती कशामुळे तरी.

घरी थांबायचं नाही, अशा खुणा

उलट्या आणि जुलाब एकत्र, त्यातही शीमध्ये रक्त, लसीकरण अपुरं: हा पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो. सकाळची वाट बघू नका. हिरड्या पांढरट, पिल्लू थंड पडलंय, दिवसभर काहीच खाल्लं नाही, तेव्हाही तेच.

काही गोष्टी इतक्या तातडीच्या नसतात, पण वजन महिनोन्महिने अडवून ठेवतात. पिल्लू खाल्ल्यावर पोट न आवळता, मान खाली घालून, न पचलेलं अन्न नळीच्या आकारात बाहेर टाकतंय, तर ती उलटी नव्हे. अन्ननलिका सैल पडलेली असू शकते. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून न्या, तोंडी वर्णनापेक्षा फार उपयोगी पडतो. जेवणानंतर तासा-दोन तासांनी पिल्लू भ्रमिष्टासारखं गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं आणि भावंडांपेक्षा खुरटलेलं आहे, तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात. आणि अधाशासारखं खाऊनही वाळत चाललंय, शी ढीगभर, फिकट, तेलकट, वर ते शीही खातंय, तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असतील. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त आढळतं. त्याची रक्ततपासणी होते आणि खाण्यात पाचक पावडर घालून पिल्लं छान सावरतात.

डॉक्टरांकडे जाताना ताजी शी, आठवड्यांच्या वजनांचा कागद आणि खाण्याच्या पाकिटाचा फोटो न्या. ‘नीट खात नाही हो’ या वाक्यापेक्षा त्या कागदावर बोलणं लवकर पुढे सरकतं.

ठिपकीचा तो कागद अजून फ्रिजवर आहे. सहाव्या महिन्यात बरगड्या हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागायला लागल्या, तेव्हा जास्तीची एक वेळ बंद केली आणि ग्रॅम नव्या वजनाप्रमाणे पुन्हा मोजून घेतले. टोपल्यात ती आता मावत नाही. रविवारी सकाळी तिला कडेवर घेऊन मीच काट्यावर उभी राहते, आणि वजाबाकीत दोघींपैकी नक्की कोण वाढलं यावर घरात वाद होतो.